नाक वाहतंय, तरी पाठवलंय

आधी कबुली देऊन टाकते. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी माझ्या मुलीला सकाळी सात वाजता पॅरासिटामॉल पाजलं, आठला अंग गार लागलं, आणि साडेआठला तिला पाळणाघरात सोडून ऑफिस गाठलं. रात्रभर ताप होता हे पाळणाघर चालवणाऱ्या काकूंना सांगितलं नाही. साडेबाराला फोन वाजला.

"अगं, पोरीच्या अंगाचा चटका बसतोय. सकाळी औषध पाजून आणलं होतंस ना?"

त्या 'ना'चा आवाज अजून कानात आहे. मी काहीतरी पुटपुटले. काकू म्हणाल्या, "औषधाने दाबलेला ताप चार-पाच तासांनी वर येतोच. जेवणं वाढायला घेतली की कुणाचा तरी येतो. तू काही पहिली नाहीस." चिडल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. त्या आठवड्यात तिथली आणखी चार मुलं आजारी पडली. सुरुवात माझ्यापासून झाली असं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज इथे लिहितेय.

लेक दहा महिन्यांची असताना पाळणाघरात जायला लागली. पहिल्या वर्षात आमच्याकडे काय काय येऊन गेलं ते एका वहीत लिहून ठेवलंय, कारण डॉक्टर दर वेळी विचारायचे आणि माझा गोंधळ व्हायचा. सर्दी नऊ वेळा. जुलाब तीनदा. डोळे एकदा. आणि हात-पाय-तोंडाचा तो प्रसिद्ध आजार, ज्याला आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांनी कांजिण्या म्हणून कडुनिंबाचा पाला आणून दिला. (तो कॉक्सॅकीसारख्या विषाणूंमुळे होतो, कांजिण्यांशी त्याचा काही संबंध नाही. पुरळ सुकल्यावरही विष्ठेतून विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतात. म्हणजे फोड गेले की काम संपलं असं नाही, लंगोट बदलणारीने हात साबणाने धुतले की नाही यावर पुढचं सगळं ठरतं.)

सासूबाईंचं निदान तयारच होतं. "पाळणाघरात टाकलंत ना, आता भोगा."

हे 'टाकलं' मला फार खुपतं. मूल शाळेत आपण 'घालतो', पाळणाघरात मात्र 'टाकतो'. सहा वर्षांच्या मुलाला शाळेतून कांजिण्या आल्या तर शाळेला कुणी बोल लावत नाही, दहा महिन्यांच्या मुलाला पाळणाघरातून शिंका आल्या की आईची नोकरी चव्हाट्यावर. बाबाची नोकरी त्या चर्चेत कधीच येत नाही, तो तेव्हा बहुधा नेब्युलायझरची वायर शोधत असतो.

पण सासूबाईंचं अर्धं म्हणणं खरं आहे, ते मान्य करायला हवं. पाळणाघरात मुलं जास्त आजारी पडतात. सर्दीचे दोनशेहून अधिक विषाणू आहेत. लहान मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं डॉक्टर सर्वसाधारण धरतात, आणि दहा-पंधरा मुलांच्या संगतीत राहणाऱ्याला दहा-बाराही होतात. एकेक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत त्या अशा एकमेकींना चिकटून येतात की आपल्याला वाटतं पोराची सर्दी जातच नाही. प्रत्यक्षात ती चौथी असते.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉन शहरात हजाराच्या आसपास मुलांचा जन्मापासून अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. मोठ्या पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना दोन वर्षांच्या वयात सर्दी जास्त झाली, पण पुढे सहा ते अकरा या वयात त्यांनाच ती कमी झाली. तेराव्या वर्षी सगळे सारखेच. याच मुलांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असंही दिसलं, की पहिल्या सहा महिन्यांत पाळणाघरात गेलेल्या किंवा घरात मोठी भावंडं असलेल्या मुलांना पुढे दम्याचं प्रमाण कमी होतं. आजारांचा हप्ता आधी भरायचा की नंतर, असा हा मामला. घरी राहिलेलं मूल तो पहिलीत भरतं.

'घरात मोठी भावंडं' हे शब्द वाचले आणि मला हसू आलं. आमच्या आजेसासूबाईंच्या वाड्यात चुलत-आत्ये मिळून अकरा पोरं होती. एकाच टॉवेलला तोंड पुसायची, एकाच तांब्याने पाणी प्यायची, गोवर आला की सगळ्यांना ओळीने यायचा. पाळणाघरच होतं ते, फक्त फी नव्हती आणि काकूंना पगार नव्हता.

पण पाळणाघराच्या जाहिरातीत हे छापायचं काही कारण नाही. तीन-चार महिन्यांच्या बाळाचा ताप आणि तीन वर्षांच्या मुलाचा ताप यांत फार फरक आहे. कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा मुळात दम लागणारं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं. आणि गोवर हा काही 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' अनुभव नव्हे. 2022 च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी भागात गोवराने मुलं दगावली. लशी चुकवून 'नैसर्गिक' प्रतिकारशक्तीवर भाषण देणाऱ्या काकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

तर मूल आजारी पडणं हा मला प्रश्नच वाटत नाही. आजारी मूल घरी ठेवता न येणं हा प्रश्न आहे. तिथेच आपण सगळे खोटं बोलायला लागतो.

हिशोब करू. सर्दी सोडून द्या, नाक वाहणाऱ्या प्रत्येक मुलाला घरी ठेवायचं म्हटलं तर वर्षभर बालवाड्या ओस पडतील. पण ताप, उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ या दिवसांत मूल घरीच हवं. माझ्या वहीप्रमाणे असे दिवस पहिल्या वर्षी एकतीस होते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे खासगी नोकरीत नैमित्तिक रजा वर्षाला 8. त्याच वर्षी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही कायद्यात आलं, पण सव्विसाव्या आठवड्यानंतर मूल आजारी पडलं तर काय, याचं उत्तर त्यात नाही. केंद्र सरकारी नोकरीत बाईला बालसंगोपनासाठी सगळ्या सेवाकाळात मिळून 730 दिवस मिळतात, राज्य सरकारी नोकरीत 180. म्हणजे सरकारला हे कळतं, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरतं. आणि घरकाम करणाऱ्या आमच्या ताईंना? एक खाडा, त्या दिवसाचे पैसे गेले. त्यांचा मुलगा ताप असताना माझ्याच स्वयंपाकघरात चटईवर झोपलेला मी बघितलाय.

म्हणून सकाळी सातला औषध पाजलं जातं. आई बेजबाबदार आहे म्हणून नाही. काकूंनाही हे माहीत असतं, त्यामुळे त्या मूल परत पाठवत नाहीत, कोपऱ्यात वेगळी गादी घालतात. त्या गादीवरून उठून मूल दहा मिनिटांत पुन्हा बाकीच्यांत येतं, हेही त्यांना माहीत असतं.

यावर कडी म्हणजे शाळांची हजेरी. लेक आता नर्सरीत जाते. मार्चमध्ये समारंभ झाला, 'शंभर टक्के उपस्थिती'ची प्रमाणपत्रं वाटली. साडेतीन वर्षांच्या मुलांना! सोनेरी किनार, वर मोराचं चित्र. एका आईने अभिमानाने सांगितलं, "उलट्या होत होत्या तरी पाठवलं हो, एक दिवस बुडवला नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्यांची मुलं पुढच्या आठवड्यात उलट्या करत होती तेही होते. या वयात शंभर टक्के हजेरी म्हणजे एकतर मूल दैवी आहे, नाहीतर कुणीतरी औषध पाजून पाठवतंय. बक्षीस द्यायचंच तर आजारी मूल घरी ठेवणाऱ्या घराला द्या.

आता हजेरीची दुसरी गोष्ट सांगते, नाहीतर ही पोस्ट नुसती पुण्यातल्या ईएमआयवाल्या आईची कैफियत होईल.

माझी मावशी पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी जव्हार तालुक्यात अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त झाली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे राहायला जायचे. ती हजेरी घ्यायची तेव्हा नाव वाचता वाचता तिचा चेहरा बदलायचा. एखादं मूल तीन दिवस नाही आलं की संध्याकाळी पायी त्याच्या पाड्यावर. मला वाटायचं कडक बाई आहे. नंतर कळलं, ती हजेरीपटावर जेवण मोजत होती. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असा नियम होता. तिच्या काही मुलांच्या दिवसातलं ते सगळ्यात भरवशाचं जेवण होतं. शिवाय दर महिन्याचं वजन, दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी, जंताच्या गोळ्या, अ जीवनसत्त्वाचा डोस, तपासणीला येणारे डॉक्टर, सगळं त्या एका खोलीतून. मूल तिथे आलंच नाही तर ते कुणाच्याच नजरेला पडत नाही.

दिवाळीनंतर तिची हजेरी कोसळायची. घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायची, पोरं बरोबर. पावसाआधी परत यायची तेव्हा ती वजनकाटा काढायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही. "गेला तेव्हा हिरव्या पट्टीत होता गं," एवढंच एकदा म्हणाली होती. (वजनाच्या तक्त्यात हिरवी पट्टी म्हणजे वजन ठीक.) पुढे पावसाळा, रोजगार नाही, कणगी रिकामी, त्यात जुलाब. उपाशी पोराला जुलाब होणं आणि माझ्या लेकीला जुलाब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी जंतू तोच असला तरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. त्याआधीच्या पाहणीत 34.4 होती. श्रीमंत राज्य म्हणून मिरवतो आपण.

गंमत म्हणजे अंगणवाडी ही कल्पनाच मुळात याच मातीतली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, दोन्ही गावं आजच्या पालघर जिल्ह्यातलीच. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यातल्या अंगणात न्यायची, असा ताराबाईंचा साधा विचार. तिथे गाणी-गोष्टींच्या आधी आंघोळ, नखं, केस विंचरणं. शिक्षण आणि आरोग्य वेगळ्या खात्यांचे विषय आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

आणि ती चालवणाऱ्या बायकांना आपण काय देतो? 'मानधन'. पगार नाही, मान आणि धन दोन्हींचा भास होईल असा शब्द. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो दीड महिन्याहून जास्त चालला. माझ्या फेसबुकच्या भिंतीवर तेव्हा त्याबद्दल किती पोस्ट आल्या असतील? मी मोजल्या होत्या. मावशीची एक.

आमच्या पाळणाघरातल्या मावशींचंही तेच. बारा मुलं, दोघीजणी. एकीने भात भरवायचा, दुसरीने लंगोट बदलायचे, असं कागदावर ठरलेलं असतं. एक सुट्टीवर गेली की दोन्ही कामं त्याच दोन हातांना, आणि मध्ये हात धुवायला वेळ मिळेलच असं नाही. तिथून जुलाब येतात, 'पाळणाघरातून' नाही. आपण पाळणाघर बघायला जातो तेव्हा भिंतीवरचे कार्टून बघतो, सीसीटीव्ही आहे का विचारतो. बेसिनपाशी साबण आहे का, पाणी दुपारी दोनलाही येतं का, लंगोट बदलायची जागा जेवणाच्या जागेपासून लांब आहे का, एका बाईमागे मुलं किती, तिला महिन्याला किती मिळतात आणि ती स्वतः आजारी पडली तर तिला घरी बसता येतं का, हे मीही विचारलं नव्हतं. शेवटचा प्रश्न तर मला या वर्षी सुचला. विचारला तेव्हा काकू नुसत्या हसल्या.

आमच्या पाळणाघरात आता सहा पालकांनी मिळून एक गोष्ट केलीय. रात्री ताप असेल तर सकाळी ग्रुपवर लिहायचं, आणि ज्याला त्या दिवशी घरून काम जमतंय त्याने सांगायचं. एकाकडचं आजारी मूल आणि दुसऱ्याकडचं आजारी मूल एकाच घरी, बाकीची वाचली. दर वेळी जमत नाही. मागच्या मंगळवारी कुणालाच जमलं नाही, मी बिनपगारी रजा टाकली. नवऱ्याने गुरुवारची टाकली, हे नोंदवायला हवं, पहिल्यांदाच.

लेकीला ते मोरवालं प्रमाणपत्र मिळालं नाही. घरी येऊन रडली. मी समजावलं, तुला ताप होता, नाक वाहत होतं, म्हणून आपण घरी राहिलो होतो ना. तिने शेजारी बसणाऱ्या मित्राचं नाव घेतलं आणि म्हणाली, "त्याचं तर माझ्यापेक्षा जास्त वाहत होतं. त्याला मोर मिळाला."