गाठीचं प्रोटीन आणि वाटीतलं वरण

उदगीरच्या मामांचं अर्ध्याहून जास्त जठर दोन महिन्यांपूर्वी काढलंय. मागच्या रविवारी भेटायला गेलो, तर ताटलीत नुसती पातळ आंबील. डाळमिलच्या गावात, तुरीच्या पट्ट्यात, घरात वरण नाही! मामी म्हणाली, "कसं द्यावं बापू वरण? त्यानंच गाठ वाढायली म्हनं. ग्रुपवर आलंय."

आलेलं असं होतं: 'जठराच्या कॅन्सरमध्ये गाठीला रक्तवाहिन्या पुरवणारं प्रोटीन शास्त्रज्ञांना सापडलंय. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे आजच बंद करा. गाठीचं रक्त तुटेल, ती उपाशी मरेल. औषध कंपन्या हे लपवतात.' हाच मजकूर मला लातूर आणि परभणीहूनही आलाय.

पहिलं वाक्य खोटं नाही, म्हणूनच बाकीचं पचून जातं. स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतील तर गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फारशी जात नाही, असं अमेरिकन सर्जन जुडा फोकमन यांनी 1971 मध्येच मांडलं होतं. गाठीच्या आतल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्या व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन बाहेर सोडतात. ते शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतं आणि तिथून गाठीच्या दिशेने नवा फाटा फुटतो. या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. पेशीला ऑक्सिजनची कमतरता कळते कशी, हे उलगडणाऱ्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं.

पण हे प्रोटीन वरणातून येत नाही. ते पेशी स्वतः, आपल्या जनुकाबरहुकूम, बनवते. तुरीतलं प्रोटीन जठरात आणि आतड्यात तुटून त्याची अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनच्या सुट्या विटा, होतात. तुरीचं म्हणून त्यात काही उरत नाही. 'प्रोटीन' हा शब्द दोन्हीकडे आला, एवढंच नातं.

यावर कुणी हुशार विचारेल, की व्हीईजीएफ बनवायला अमिनो आम्लं लागतातच ना? मग तीच तोडू. इथेच खरा घात आहे. खाण्यातून प्रोटीन आलं नाही म्हणून रक्तातली अमिनो आम्लं संपत नाहीत, शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती पुरवतं. घरात दाणा उरला नाही की माणूस पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्याचं पोतं फोडतो, तसं. गाठीला तिचा वाटा मिळत राहतो. झिजतो तो माणूस. मामांचं मनगट हातात धरलं तेव्हा घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल होता. जठराच्या कॅन्सरमध्ये वजन आधीच उतरलेलं असतं, त्यात हे. असा झिजलेला पेशंट केमोला टिकत नाही आणि डोस पुढे ढकलावे लागतात.

'कंपन्या लपवतात' म्हणणाऱ्याने तर कमालच केली. व्हीईजीएफच्या त्याच ग्राहकाची जागा अडवणारं रॅम्युसिरुमॅब हे औषध अमेरिकेत 2014 पासून जठराच्या पुढे गेलेल्या कॅन्सरसाठी मंजूर आहे. कंपनी ते विकते, लपवेल कशाला? उलट त्याचा गुण किती बेताचा आहे, तेही छापून आलंय. आधीच्या केमोनंतर आजार पुन्हा वाढलेल्या पेशंटांमध्ये हे औषध एकटं दिलं, तेव्हा मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट जिथवर जगले तो काळ) 3.8 महिन्यांवरून 5.2 महिन्यांवर गेलं. व्हीईजीएफलाच पकडणारं दुसरं औषध, बेव्हॅसिझुमॅब, जठराच्या कॅन्सरमध्ये आयुष्य ठामपणे वाढवू शकलं नाही. तो निकाल 2011 चा. नेम धरून, सुईवाटे दिलेल्या औषधाची ही मजल. ताटातलं वरण काढून गाठ वाळणार म्हणे!

आणखी एक. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, आणि त्या याच व्हीईजीएफच्या जोरावर फुटतात. म्हणून ऑपरेशनच्या आगेमागे डॉक्टर ही औषधं थांबवतात. जखम भरायला आहारातलं प्रोटीनही लागतं. मामांचं पोट कसले कसले टाके घालून सांधलंय, आणि आपण अंडं बंद करतोय.

फाइल उघडली, तर आहाराचा कागद घडी न मोडलेला. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, मऊ खिचडी, पातळ वरण, अंड्याचा पांढरा भाग, आणि जेवताना फार पाणी नको. मी तो मोठ्याने वाचला. मामी बराच वेळ गप्प होती. मग उठून डबे हलवायला लागली आणि आतून विचारलं, "तुरीचं लावू का मुगाचं?"

मामाच म्हणाले, "मुगाचं लाव. अन् जरा हिंग टाक."