धिंडीचा रील कसा बघावा: नाशिककरांसाठी काही सूचना

रविवारी मिसळ मागवली की मोबाईल पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा करायचा आणि कालचा धिंडीचा रील लावायचा. लंगडणारं पोरगं, जोडलेले हात, मागे पोलीस, वर धडधड म्युझिक. पाव मोडता मोडता "असंच पाहिजे यांना" म्हणायचं. ते लंगडतंय का, हे विचारायचं नाही. पळताना पडलं असेल, सगळे पळतानाच पडतात आणि नेमके तळपायावरच पडतात.

"आरोपी" हा शब्द सोडा, डायरेक्ट "गुन्हेगार" म्हणा, तेवढाच कोर्टाचा टाइम वाचतो. एखादा शहाणा बोललाच की १९९६ ला सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू केसमध्ये सांगितलंय, अटकेचा कागद करा, साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, दर ४८ तासांनी मेडिकल करा, तर त्याला विचारायचं, "तुझ्या घरी चोरी झाली असती म्हणजे?" हा प्रश्न कशावरही चालतो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात धरत नाहीत, हे तर इंग्रजांनीच १८७२ च्या पुरावा कायद्यात लिहून ठेवलेलं, म्हणजे बघा, गोऱ्या साहेबाचाही स्वतःच्याच फौजदारावर भरवसा नव्हता, आपला मात्र चौदाव्या रत्नावर ठाम आहे. २०२० ला कोर्ट म्हणालं, प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, आवाजासकट. आता रील दिसतोय ना, अजून किती कॅमेरे पाहिजेत?

नाशिकरोडच्या जेलवरून जाताना उगाच हळवं व्हायचं नाही. देशभरच्या जेलांत चारातले साधारण तीन कच्चे कैदी, म्हणजे निकाल लागायचाच आहे. असू दे की, आत पिकतील.

फक्त सिडकोतल्या मारामारीत तुमचाच भाचा उचलला, तर या सूचना त्या रात्रीपुरत्या बाजूला ठेवा. रात्री दोनला वकिलाला उठवा, राज्यघटनेचं कलम २२ तोंडपाठ करा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच लागतं, ठाण्यात हात जोडून विचारा, "साहेब, मेडिकल झालं का हो त्याचं? लहान आहे तो." तेविसाव्या वर्षीही भाचा लहानच असतो, रीलमधलं अठराचं पोरगं मात्र सराईत.

सकाळी ग्रुपवर व्हिडिओ येईलच. ॲडमिन तुम्हीच, पटकन डिलीट करा. पण तोवर पहिल्या टाळ्या पडलेल्या असतील, दर रविवारी ज्यांच्या मिसळीचं बिल तुम्ही भरता त्या अण्णांच्या.