नट्टू काका गेले तर तुम्हाला काय, असं विचारणाऱ्यांना

मालिकांतल्या दुय्यम पात्रांच्या जाण्याबद्दल मी मागे लिहिलं, त्यावर फोंड्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नट हा पगारी माणूस, दुसरीकडे बरं काम मिळालं की तो जातो, "त्याचं सुतक तुम्ही घरात बसून कशाला पाळता?" असा त्यांचा सवाल आहे. शिवाय त्यांचं म्हणणं असं: लेख लांबला. मी आयुष्यात सेट पाहिलेला नाही. कलाकार का सोडतात, म्हणजे अडकलेले पैसे, कामाचे तास, यावर मी गप्प बसलो. नव्या नटाला चाहतेच छळतात. इतकी वर्षं चाललेली 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही हिंदी मालिका बंदच करावी. आणि शेवटी, हे सगळं म्हणजे "बायकांच्या गप्पा".

लेख लांबला, मान्य. माझ्या मुलीनेही तेच सांगितलं, फक्त तिने ते नीट भाषेत सांगितलं.

आता सुतक. साहेब, मी लेख सुरू केला होता तो 'तारक मेहता'मध्ये जेठालालच्या दुकानातल्या म्हाताऱ्या नट्टू काकांचं काम करणाऱ्या घनश्याम नायक यांच्यापासून. ३ ऑक्टोबर २०२१ ला ते कॅन्सरने गेले. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, त्याच मालिकेत डॉक्टर हाथीचं काम करणारे कवीकुमार आझाद गेले. ही माणसं 'दुसरीकडे बरं काम मिळालं' म्हणून गेलेली नाहीत. ज्या लेखात पहिल्याच परिच्छेदात दोन मृत्यूंचा उल्लेख आहे, त्याखाली येऊन 'सुतक कशाला' असं लिहायला हात कसा धजावतो, हे मला अजून समजलेलं नाही. तुम्ही लेख वाचला होता ना? की शीर्षक बघून थेट कीबोर्डवर बसलात?

आणि आपण गोव्याचे आहोत म्हणून आणखी एक नाव सांगतो. आशालता वाबगावकर. आपल्या मातीतली बाई, 'मत्स्यगंधा' नाटकातली सत्यवती. म्हातारपणी मालिकेत लहानसं काम करायला साताऱ्याकडे गेल्या, 'आई माझी काळुबाई'च्या चित्रीकरणात कोरोना झाला आणि २२ सप्टेंबर २०२० ला तिथेच गेल्या. त्या दिवशी आमच्या डिचोलीत ज्यांनी मालिकेचा एक भागही पाहिला नव्हता त्यांनाही चुटपुट लागली. त्यांनाही विचारणार का, सुतक कशाला म्हणून?

'पगारी माणूस' हेही तुम्ही असं लिहिलं आहे जणू मोठा शोध लावला. नट्टू काकांचा सगळा विनोदच पगारावर होता! कपाळावर चष्मा चढवून ते जेठालालकडे पगारवाढ मागायचे आणि ती कधी मिळायची नाही. आमच्याकडे हॉटेलात, पेट्रोल पंपावर, फार्मसीत काम करणारी माणसं त्या प्रसंगाला जी हसायची, ती जेठालालला हसत नव्हती. नायक घरात सोफ्यावर बसतो, त्याच्या अडचणी दर महिन्याला नव्या. रोजच्या ओळखीचा असतो तो दुकानातला म्हातारा, सोसायटीतला डॉक्टर, चाळीतली शेजारीण. मालिका वर्षानुवर्षं चालते ती या लोकांवर. नायक-नायिकेचं लग्न तर कुठल्याही मालिकेत लागतं.

माझी तक्रार काय होती ते पुन्हा लिहितो, कारण तुम्ही ती वाचलेली दिसत नाही. माणूस गेला याची तक्रार नव्हतीच. तो गेला हे मालिका कबूल करत नाही, ही तक्रार होती. २०२२ मध्ये किरण भट्ट नट्टू काका म्हणून आले. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मालिकेच्या जगात काही घडलंच नाही, दुकान तेच, नाव तेच. हाथी तर आधी निर्मल सोनी, मग आझाद, मग पुन्हा निर्मल सोनी. भिडे मास्तरांच्या सोनूचा चेहरा आता चौथा आहे, झील मेहता, निधी भानुशाली, पलक सिधवानी, मग २०२४ पासून खुशी माळी, आणि रोज तिचा हिशेब ठेवणाऱ्या भिडेंना एकदाही काही वेगळं वाटलेलं नाही. खुद्द तारक मेहता, म्हणजे जेठालालचा मित्रच, २०२२ मध्ये बदलले. शैलेश लोढा गेले, सचिन श्रॉफ आले, आणि जेठालाल आपली दुखणी त्याच जिव्हाळ्याने नव्या माणसाला सांगू लागला.

उलट दयाबेन, जेठालालची बायको. दिशा वाकाणी २०१७ मध्ये बाळंतपणासाठी गेल्या त्या परतल्या नाहीत. तिथे मात्र दुसरी बाई आणलेली नाही. दया अहमदाबादला आईकडे आहे, येणार आहे, आता येईलच, अशी वर्षं चालली आहेत. म्हणजे मोठ्या पात्राची खुर्ची रिकामी ठेवायची आणि प्रेक्षकाला प्रोमो दाखवून झुलवायचं. लहान पात्राची खुर्ची मात्र लगेच भरून टाकायची, कारण तिथे कोण बसलाय ते कुणी बघत नाही असं यांना वाटतं. मला राग याचा आहे. तुम्हाला येत नसेल तर येऊ नये.

दोडामार्गाच्या पलीकडे, आकेरीला 'रात्रीस खेळ चाले' या भुताखेतांच्या मराठी मालिकेचं चित्रीकरण झालं. ती आमच्याकडे घराघरांत बघितली जायची, कारण बोली आपल्या कानाची. तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं. २०२१ मध्ये अपूर्वा नेमळेकर यांनी मालिका सोडली आणि कृतिका तुळसकर शेवंता झाल्या. आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, "भूत जाल्यार तोंड बदलता व्हय?" याला तुम्ही बायकांच्या गप्पा म्हणणार असाल तर म्हणा. माझ्या मते त्या मालिकेवर लिहिलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा ते एक वाक्य नेमकं आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्येही तेच. २०१८ मध्ये रसिका सुनील गेल्या, ईशा केसकर शनाया, म्हणजे गुरुनाथची प्रेयसी, झाल्या, २०२० मध्ये पुन्हा रसिका. जिच्यासाठी संसार मोडला तिचा चेहरा दोनदा बदलला तरी गुरुनाथला पत्ता नाही.

मला काय अधिकार, असंही तुमच्या प्रतिक्रियेत कुठेतरी आहेच. ऐका तर. मी गावच्या जत्रेच्या नाटकांत तरुणपणापासून कामं केली. नायक कधीच नाही. आमच्याकडे जो वर्गणी भरघोस द्यायचा तो राजा, त्याचा भाऊ सेनापती, आणि मी कायम प्रधान. (राजाला वाक्यं आठवायची नाहीत, ती मी पुढची ओळ प्रश्नासारखी विचारून काढून घ्यायचो. त्याबद्दल मला कुणी शाल दिली नाही.) दर वर्षी एक-दोघं बोटीवर नोकरीला जायचे, कुणी आखातात, कुणाला तालमीच्या दिवसांत टायफॉइड. बदली माणूस उभा करावाच लागायचा. पण पडदा उघडायच्या आधी माईकवरून सांगितलं जायचं, की आज विदूषकाची भूमिका अमुक यांच्याऐवजी तमुक करत आहेत, रसिकांनी सांभाळून घ्यावं. मंडपातून एक "अरे अरे" यायचं, कुणीतरी विचारायचं तो कुठे गेला, मग नाटक सुरू. एवढंच. हातात वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या, उसने मुकुट आणणाऱ्या मंडळाला जे सुचतं, ते रोज लाखो लोकांच्या घरात शिरणाऱ्या मालिकेला सुचत नाही? कथेत दोन मिनिटांचा प्रसंग घालता येत नाही, की नट्टू काका गावी गेले, आता त्यांचा पुतण्या बाघा एकटाच दुकान बघेल?

एका वर्षी मीच नव्हतो. का नव्हतो ते सोडा, त्या मंडळातल्या राजकारणाला इथे जागा नको. माझ्या जागी दुसरा प्रधान उभा केला आणि त्या वर्षी माईकवरून काही सांगितलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात मासे घेताना अनोळखी माणसांनी मला थांबवून विचारलं, काल कुठे होता? मी प्रधान होतो, पात्रांव, राजा नव्हतो. तरी विचारलं. तेव्हा दुय्यम माणसाकडे कुणी बघत नाही हे मला शिकवू नका.

सेटचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा कितीतरी मालिका गोव्यात आल्या होत्या. मे महिन्यात इथेही परिस्थिती हाताबाहेर गेली आणि एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाने परवानग्या काढून घेतल्या. त्या मधल्या दिवसांत एका घराच्या आवारात चाललेलं शूटिंग मी पाहिलं आहे. कुंपणाबाहेरून, पण पाहिलं आहे. नायिकेचा शॉट चालला होता आणि आत्या, काका, शेजारी अशी मंडळी मेकअप करून भर उन्हाळ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तासन्‌तास बसून होती. तुम्ही किती सेट पाहिलेत, तेही एकदा कळवा.

बाकी मुद्दे. पैसे आणि कामाचे तास हा वेगळा विषय आहे, मी निर्मात्याचा कारकून नाही आणि कलाकारांच्या युनियनचाही नाही. चाहते नव्या नटाला छळतात म्हणता, छळत असतील, मी कुणाला छळलेलं नाही. मालिका बंद करा म्हणता, ते निर्माते असित मोदींना कळवा, त्यांनी २८ जुलै २००८ पासून ती चालवली आहे, ते माझं ऐकणार नाहीत आणि तुमचंही नाही. 'सीआयडी'तल्या फ्रेडरिक्सवर मी लिहिलेल्या परिच्छेदाबद्दल तुम्ही एक अक्षर काढलेलं नाही, हे मात्र लक्षात आलं. फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, वर्षाने मालिका फ्रेडरिक्सशिवाय परत आली, आणि पहिले काही भाग बघताना तो कुठूनतरी घाबरलेला चेहरा घेऊन येईल असं वाटत राहिलं. तिथे 'पगारी माणूस' लावून बघा बसतं का.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली काल रात्री तुम्ही दुसरी टाकलीत, ज्यात माझ्या वयाचा आणि रिकामटेकडेपणाचा उद्धार आहे, ती मात्र काढली आहे. फ्रेडरिक्सबद्दल काही म्हणायचं असेल तर लिहा, उत्तर देईन. लहान देईन.