चार पावसाळे जास्त पाहिले म्हणून

मोबाइलवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतोय. त्यात तीन गोष्टी ठामपणे सांगितल्यात: शहाणपण वयानंच येतं, शहाणा माणूस भावनांना थारा देत नाही, आणि शहाणपण शिकून येत नाही. तिन्ही मला पटत नाहीत. पहिली तर घातक वाटते, कारण 'आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत' एवढ्यावर तरुणांचं बोलणं सर्रास तोडलं जातं.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस आणि उर्सुला श्टाउडिंगर या मानसशास्त्रज्ञांनी शहाणपण मोजून पाहिलं. माणसापुढे एक पेच ठेवायचा आणि त्याला मोठ्यानं विचार करायला लावायचं. उदाहरणार्थ, १५ वर्षांच्या मुलीला लगेच लग्न करायचंय, तर काय करावं? 'छे, हे कसलं लग्नाचं वय!' असं म्हणून मोकळं होणाऱ्याला कमी गुण. मत चुकलं म्हणून नव्हे, मुलीबद्दल काहीच जाणून घ्यावंसं वाटलं नाही म्हणून. ती गंभीर आजारी आहे का, पोरकी आहे का, कुठल्या काळातली, कुठल्या समाजातली, हे चाचपडत आणि आपल्याला सगळं ठाऊक नाही हे धरून जो बोलतो, त्याला जास्त गुण. किशोरवयात हे गुण वाढताना दिसले. पण साधारण पंचविशीपासून पंचाहत्तरीपर्यंत वयाचा त्यांच्याशी जवळपास संबंधच आढळला नाही.

अ‍ॅरिस्टॉटलचा आधार इथे हमखास घेतला जातो. तरुण मुलगा भूमितीत निष्णात होईल, पण व्यवहारी शहाणपणाला अनुभव लागतो आणि अनुभवाला वेळ, असं त्यानं म्हटलंय खरं. मात्र 'लागतो' म्हणजे 'पुरतो' नव्हे. काही कसोट्यांवर ज्येष्ठ सरस ठरलेत, हेही मान्य करायला हवं. मानसशास्त्रज्ञ इगोर ग्रॉसमन यांच्या २०१० च्या अभ्यासात सामाजिक संघर्षांवर विचार करताना तसं दिसलं. पण त्यांच्याच २०१४ च्या प्रयोगांत जोडीदारानं फसवल्याचा प्रसंग दिला, तेव्हा मित्राबाबत लोक समंजस विचार करत होते आणि स्वतःबाबत तोल जात होता. तरुणांचा आणि ज्येष्ठांचाही. म्हणजे एकच माणूस दुसऱ्याच्या घरात शहाणा आणि स्वतःच्या घरात नाही, असं होऊ शकतं. याचं उत्तर वयात कुठे सापडणार?

भावनांबद्दल एकच प्रसंग सांगते. मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दमासिओ यांचा एक रुग्ण होता. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेली, बुद्धी शाबूत. पुढच्या भेटीसाठी त्याला दोन तारखा दिल्या, तर जवळजवळ अर्धा तास तो दोन्हींच्या बाजूची आणि विरुद्धची कारणं मांडत बसला. शेवटी दमासिओंनीच एक तारीख सांगितली आणि त्यानं ती लगेच मान्य केली. तर्क भरपूर होता. कशाला किती वजन द्यायचं हे आतून कळेनासं झालं होतं. भावना वजा केली की शहाणपण उरतं, हे गणित इथे चुकतं.

राहिलं शिकण्याचं. ग्रॉसमन यांच्या प्रयोगात स्वतःचा पेच जरा दूर उभं राहून, तिऱ्हाइतासारखा बघायला सांगितला तेव्हा मित्राबाबतच्या आणि स्वतःबाबतच्या विचारातला तो फरक मिटला. बर्लिनमध्ये विश्वासातल्या माणसाशी आधी बोलून, मग एकट्यानं थोडा विचार करून उत्तर दिलं, तर गुण वाढले. त्या माणसाशी मनातल्या मनात बोलणं झालं, तरीही वाढले.