साठ हजारात बसवा

कॉम्प्युटर स्वतः जोडायचा म्हटलं की जोडणं हाच त्यातला सगळ्यात सोपा भाग असतो, हे आधी कोणी सांगत नाही. स्क्रूड्रायव्हर एक, स्क्रू पंधरावीस, आणि प्रत्येक वस्तू तिच्या खाचेतच बसते, दुसरीकडे घुसवायला गेलात तरी जात नाही. खरा घाम निघतो तो त्याच्याआधी, पार्ट ठरवताना, आणि तो पण खिशात मोजके पैसे असले की. ज्याच्याकडे दोन लाख आहेत त्याला काय, सगळ्यात महागडं उचललं आणि आला घरी. साठ हजारवाल्याला मात्र पीएचडी करावी लागते.

तर माझं बजेट ६० हजार. २०२४ ची दिवाळी, थोडा बोनस आणि थोडी आईच्या ग्रुपमधली भिशी, ज्यात मी पण एक नंबर लावून ठेवला होता. घरी जाहीर केलं तेव्हा बाबांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "ऑफिसचा लॅपटॉप आहे की तुझ्याकडे." म्हटलं बाबा, त्याच्यावर गेम चालत नाहीत. "मग चांगलंच आहे की," म्हणाले आणि पेपर परत वर.

मी प्रोसेसरपासून सुरुवात केली, कारण सगळेच तिथून करतात. इंटेलचा आय-३ १२१००एफ, चार कोर (कोर म्हणजे आतला एकेक मेंदू, जितके जास्त तितकी कामं एकदम), स्वस्त आणि मस्त. ('एफ' असला की प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नसतं, म्हणजे कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर ढिम्म काही दिसत नाही. त्या एका अक्षरासाठी किती लोक दुकानात परत गेले असतील देव जाणे.) हे मी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला सांगितलं आणि तिथे माझे ग्रह फिरले. तो म्हणाला अगं चार कोर आता कोण घेतं, अजून थोडे टाक, एएमडीचा रायझन ५ ५६०० घे, सहा कोर. बरं, पटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचा म्हणाला, ५६०० चांगलाय पण एएम-४ सॉकेट, म्हणजे तो बोर्डवर ज्यात बसतो ती खाच, आता संपलं ना, पुढे अपग्रेड काय करणार, अजून थोडे टाक, ७६०० घे. ७६०० घ्यायचा म्हणजे एएम-५ चा बोर्ड, तो महाग, त्याला डीडीआर-५ रॅम लागते, डीडीआर-४ च्या काडीची खाचच वेगळ्या जागी असते त्यामुळे जुनी रॅम त्यात जातच नाही, असं करत करत मी कागदावर ८० हजारांच्या पुढे पोचले आणि त्यात ग्राफिक कार्ड अजून आलंच नव्हतं.

या "अजून थोडे टाक"वाल्यांचा एक लाडका शब्द असतो, फ्युचर प्रूफ. मला हे ऐकवणाऱ्याचं स्वतःचं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे. एएम-४ वर २०१७ पासून रायझन येतायत, इतकी वर्षं एक सॉकेट टिकणं हीच मुळात नवलाची गोष्ट आहे, आणि मला व्हॅलोरंट आणि वीकेंडला दोनचार मोठे गेम खेळायचेत, चंद्रावर यान नाही पाठवायचं. ५६०० फिक्स केला. त्याच्या खोक्यात कूलर पण येतो, तेवढेच वाचले.

मग ग्राफिक कार्ड. बजेटचा तिसरा हिस्सा एकट्याने खाणारी वस्तू, आणि नावांचा असा गोंधळ की आपण डोंबिवलीत एका मजल्यावर तीन कुलकर्णी बघितलेली माणसं तरी चक्रावलो. आरटीएक्स ३०५० घ्यायला जावं तर त्याच नावाने एक ८ जीबीचं आणि एक ६ जीबीचं. आपल्याला वाटतं फरक फक्त मेमरीचा असेल, पण ६ जीबीवाल्यात आतले कोर पण कमी आहेत, २५६० च्या जागी २३०४. ३०६० ची पण तीच कथा, १२ जीबीचं वेगळं आणि ८ जीबीचं वेगळं. म्हणजे दुकानदार "३०६० है मॅडम" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त पूर्ण वाक्य बोलत नसतो.

सेकंडहँड पण बघितलं, का नाही बघायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने ग्राफिक कार्डवरचं मायनिंगच, म्हणजे कार्ड राबवून नाणी कमावणं, बंद करून टाकलं, त्यानंतर दिवसरात्र राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. पण एक गंमत सांगते, मी ज्या ज्या विकणाऱ्याशी बोलले त्यातल्या एकानेही कधी मायनिंग केलेलं नव्हतं. सगळे फोटो एडिटिंगवाले. एकाने तर कार्ड "फक्त ताईच्या ऑनलाइन क्लाससाठी" वापरलं होतं म्हणे, आणि फोटोत मागे तशीच अजून पाच कार्डं एका रॅकवर लटकलेली. ताईचे क्लास बरेच असणार. शेवटी नवीनच, आरएक्स ६६००, ८ जीबी. त्या पैशात ३०५० पेक्षा सरळ सरळ जास्त फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) देतं, वीज पण १३० वॉटच्या आसपासच खातं, पण आरटीएक्सवाल्या एनव्हिडियाचं सोडून एएमडीचं हे घेतलं म्हटल्यावर लोक असे बघतात की जणू मी मुलगा बघून आले आणि त्याचं पॅकेज त्यांना आवडलं नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण यावर कोणीच बोलत नाही. कॅबिनेट घ्यायला गेलात की साध्या दुकानात विचारतात, "एसएमपीएस साथ में ही डाल दूं?" आणि एक पत्र्याचा हलका डबा दाखवतात, वर स्टिकर ५०० वॉट. स्टिकरवर काय, काहीही छापता येतं. उचलून बघितला तर रिकामा टिफिन हातात घेतल्यासारखं वाटलं. अख्ख्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारी वस्तू हीच, ही गेली की जाताना कोणाला घेऊन जाईल सांगता येत नाही, आणि नेमकी हिच्यावरच सगळे पैसे वाचवतात. ८० प्लसचा शिक्का म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली कमीत कमी ८० टक्के ती पार्टपर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होऊन जाते. पण तो शिक्का शॉर्टसर्किट झाल्यावर ती स्वतःहून बंद पडेल का हे सांगत नाही, ते वेगळं बघावं लागतं, कुठल्या प्रोटेक्शन आहेत, कोणी उघडून टेस्ट केलीय का. मला ५५० वॉटची ब्राँझ (८० प्लसमधलीच एक वरची पायरी) हवी होती, चार हजारांच्या आसपास. धाकट्या भावाचं म्हणणं, दिसत पण नाही ती, त्या पैशात आरजीबी, म्हणजे रंगीत लाइटवाले, पंखे घे, चार. त्याला कॉम्प्युटर गणपतीच्या मखरासारखा दिसायला हवा होता.

इथे मला अनपेक्षित ठिकाणाहून मदत आली. बाबा बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी माझा कागद मागून घेतला आणि चष्मा लावून फक्त एकच रकाना वाचला, वॉरंटी. प्रोसेसर तीन वर्ष, बोर्ड तीन, ग्राफिक कार्ड तीन, आणि एसएमपीएस पाच वर्ष. "हे चांगलं आहे," म्हणाले. "हे घ्या. बाकीचं बघू." पंख्याच्या लाइटवर किती वर्ष असं त्यांनी भावाला विचारलं आणि तो विषय तिथे मिटला.

त्यानंतर ते माझ्याबरोबर लॅमिंग्टन रोडला यायला तयार झाले, म्हणजे मी बोलावलं नव्हतं, "एकटी गेलीस तर फसवतील" म्हणून. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोडला उतरून कोणाला तसं विचारलंत तर समोरचा तुम्हाला पोलीस स्टेशनला पाठवेल, कारण ते नाव फक्त तिथल्या पोलीस स्टेशनमुळे लोकांना माहीत आहे, तेही 'डी. बी. मार्ग' एवढंच.

तिथलं दुकान म्हणजे एक काउंटर, मागे छतापर्यंत खोकी आणि काउंटरवर मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर. भाव तोंडाने सांगत नाहीत. आकडा दाबतात आणि कॅल्क्युलेटर तुमच्याकडे फिरवतात. माझ्याकडे नाही पण, बाबांकडे. मी विचारलं, "५६०० कितने का?" त्याने दाबलं आणि बाबांकडे फिरवलं. बाबांनी तो वाचून माझ्याकडे फिरवला. मी म्हटलं रॅम ३२०० स्पीडची, आठ आठ जीबीच्या दोन काड्या, तर तो बाबांना म्हणाला, "अंकल, सोला की एक ले लो, बेटे को बाद में बढ़ाने को आसान पड़ेगा." कुठला बेटा? बाबांनी पण शांतपणे विचारलं, "कौनसा बेटा?" दोन काड्या घेतल्या तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात, एका काडीत एकच, गेममध्ये फ्रेमचा फरक पडतो, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम खुद बनाएंगी?" आणि त्यानंतर कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरायला लागला. रॅम साडेतीन हजारांच्या आत मिळाली. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढायला घेतल्यावर रॅमचे भाव असे काही भडकले की भाऊ आता त्या दोन काड्यांकडे आदराने बघतो.

मग आलं, "बिल के साथ या बिना?" बिलाशिवाय म्हणजे १८ टक्के जीएसटी वाचतो. मी जरा विचारात पडले असेन तेवढ्यात बाबा म्हणाले, "बिल. और सबका सीरियल नंबर उसपे लिखो." त्या माणसाने बाबांकडे बघितलं, मग छापायला बसला. प्रत्येक खोक्यावरचा नंबर बाबांनी स्वतः बोट लावून जुळवला, मागे लाइन लागली तरी. चाळीस वर्षं व्हाउचर तपासलेला माणूस, त्याला कोण घाई करणार.

परतीला संध्याकाळ झाली. दादरला पूल चढून सेंट्रलला आलो तेव्हा प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नव्हती. कॅबिनेट घेऊन बाबा लगेजच्या डब्यात, आणि मी ग्राफिक कार्ड छातीशी धरून लेडीजमध्ये. एक काकू म्हणाल्या, "मिक्सर का गं?" म्हटलं नाही, ग्राफिक कार्ड, कॉम्प्युटरला लागतं. "केवढ्याला?" एकवीस हजार. काकूंनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सरकून मला बसायला जागा दिली. ठाण्यापर्यंत त्या खोक्याला कोणी धक्का लावू दिला नाही त्यांनी.

हिशोब ५७ हजारांत बसला. चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल की यात मॉनिटर नाही. तो नव्हताच धरला, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, ग्राफिक कार्ड कापून मॉनिटर घेण्यापेक्षा मॉनिटर पुढच्या बोनसला. तोवर हॉलमधला टीव्ही. ३२ इंची, ६० हर्ट्झ, म्हणजे कार्डने सेकंदाला दीडशे फ्रेम काढल्या तरी तो दाखवणार साठच, पण चालतं. अडचण हर्ट्झची नाहीच. संध्याकाळी सात ते साडेदहा टीव्हीवर आईच्या मालिका असतात आणि त्यातली एक पण तिने आजवर सोडलेली नाही. त्यामुळे मी दररोज साडेसातला जेवून, आंघोळ करून, हेडफोन गळ्यात अडकवून सोफ्यावर तिच्या शेजारी बसते. परवा रात्री नायिकेचं लग्न दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा आईच्या आधी मीच हळहळले.