पक्ष्यांनी कृपया मुदतीत परतावे

पीएचडीची शाई अजून ओली आहे आणि पक्ष्यांवर संशोधन करायचंय? अभिनंदन! अनुदानाचा अर्ज भरायला बसा. मी नुकताच पोळलोय, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी फुकटात सांगतो.

‘अपेक्षित निष्कर्ष’ हा रकाना सगळ्यात आधी भरा. निष्कर्ष आधीच ठाऊक असतील तर पैसे कशाला, असले प्रश्न विचारू नका.

शिफारसपत्र सरांकडूनच घ्या. म्हणजे स्वतः लिहा आणि सहीला पाठवा.

नवोदितांच्या अनुदानाला पूर्वानुभव लागतो. असो.

पक्षी निवडताना तो लठ्ठ आहे ना, एवढंच बघा. स्थलांतराचा माग काढायला त्याच्या पाठीवर बसवायचं यंत्र त्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांपेक्षा जड नसावं, असा दंडक आहे. मी मूर्खासारखी भिंगरी निवडली. वजन २० ग्रॅम, म्हणजे यंत्र जेमतेम ०.६ ग्रॅमचं. उपग्रहाशी बोलणारं यंत्र त्यात बसत नाही. बसतो तो जिओलोकेटर. तो बिचारा कुणाला काही कळवत नाही, कधी किती उजेड होता एवढंच टिपून ठेवतो. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून पक्षी कुठे होता ते आपण काढायचं. त्यासाठी तीच भिंगरी पुढच्या विणीला परत यायला हवी आणि पुन्हा जाळ्यात सापडायला हवी. हे सगळं अर्जात लिहिलं होतं, आकृतीसकट! समितीने एक वर्ष मंजूर केलं. यंत्रं बसवायला पैसे आहेत, काढायला नाहीत. मुदतवाढ मागितली, तर उत्तर आलं, ‘पहिल्या वर्षाचे निष्कर्ष जोडावेत.’ अहो, निष्कर्ष पक्ष्याच्या पाठीवर आहेत! पक्षी समुद्रापलीकडे आहे! त्याला स्मरणपत्र धाडू?

शेवटी पदरमोड करून गेलो. गोठ्याच्या तुळईवर तेच घरटं, भिंगरीच्या पायात मीच घातलेलं कडं, पाठीच्या पिसांतून यंत्राचा बारीकसा देठ डोकावतोय. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. आणि जाळं लावायचा परवाना अनुदानाबरोबरच संपलेला.

दीर्घकालीन अभ्यासाची स्वप्नं तर पाहूच नका. विज्डम नावाच्या अल्बट्रॉस मादीच्या पायात १९५६ साली कडं घातलं, तिने २०२४ मध्ये मिडवे बेटावर अंडं घातलं. हिचा ‘प्रकल्प कालावधी’ काय लिहिणार? पीटर आणि रोझमेरी या जोडप्याने १९७३ पासून चाळीसेक वर्षं गालापागोसमधल्या डाफ्ने मेजर बेटावर फिंच पक्षी मोजले, हे खरं. पण त्यांचं आडनावच ग्रँट. तुमचं नाही.

आणि समितीतल्या मंडळींनो, तुम्हीही कधीकाळी पहाटेच्या थंडीत जाळ्यापाशी बसला होतात. स्थलांतराचा फेरा वर्षाच्या कागदात मावत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी डोळे मिटून सह्या करता. दुसऱ्या वर्षाचा खर्च होता किती? प्रवास आणि एक मदतनीस. तो वाचवायला पहिल्या वर्षाचा सगळा पैसा पाण्यात घातलात. वर वीस ग्रॅमच्या जिवावर वर्षभर ओझं लादलंत, फुकट. लाज वाटायला हवी. द्यायचे तर दोन विणींचे पैसे द्या, नाहीतर पहिल्याच पत्रात नाही म्हणा. निदान आम्ही पक्ष्याला हात तरी लावणार नाही.