पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून

'ईसीजी नॉर्मल असेल तर हृदयविकाराचा झटका नाही, असे निश्चित समजावे' हे मी वाचलेल्या एका लेखातील विधान चुकीचे आहे, आणि ते वाचून कोणी घरी थांबेल याची मला खरोखर काळजी वाटते. झटक्याच्या सुरुवातीला, विशेषतः हृदयाच्या मागच्या भिंतीचा रक्तपुरवठा बंद पडला असल्यास, नेहमीच्या १२ लीडच्या (हृदयाकडे बारा दिशांनी पाहणाऱ्या) ईसीजी आलेखात ठळक बदल दिसतीलच असे नाही. म्हणूनच त्रास चालू असेपर्यंत ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात, आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) वाढायला वेळ लागत असल्याने त्याचाही दुसरा नमुना काही तासांनी घेऊन दोन आकड्यांतील फरक पाहतात.

माझ्या आत्याला जुना मधुमेह आहे. त्यामुळे असेल, झटका आला तेव्हा तिच्या छातीत दुखलेच नाही. दरदरून घाम, मळमळ आणि दम एवढेच होते. पहिला ईसीजी पाहून पित्ताचे औषध लिहून दिले गेले होते, परंतु ड्यूटीवरील एका डॉक्टरांनी तिला थांबवून घेतले आणि दुसऱ्या नमुन्यात ट्रोपोनिन स्पष्ट वाढलेले निघाले. आणखी एक गोष्ट: झटक्यानंतर काही दिवसांनी अचानक वाढणारा दम आणि हृदयाचा नव्याने ऐकू येणारा मर्मर (स्टेथोस्कोपमधून येणारा जादा आवाज) ही झडप निकामी झाल्याची किंवा हृदयातील पडदा फाटल्याची खूण असू शकते, त्यासाठी तातडीने इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो. लेखात याचा उल्लेखही नाही.